गुरुनाथने बसवलेला अँटेना

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, तिथल्या मराठी घरांत गुरुनाथ देशकरला 'बिलवाले काका' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, गेल्या वर्षापर्यंत आवडतही होतं. मूळचा नागपूरचा, शिकायला म्हणून इथे आला आणि युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर विभागात चिकटला तो चिकटलाच. आता पंचावन्नचा आहे. कोणाचं फोनचं बिल वाढलं, कोणाला इन्शुरन्सवाल्याने टोपी घातली, की लोक गुरुनाथला फोन करायचे. मग तो कंपनीला फोन लावायचा, स्पीकरवर टाकून भाजी चिरायचा, तासभर वाजणारं संगीत ऐकायचा आणि शेवटी पलीकडच्या माणसाला असा काही पिळायचा की तो बिचारा हात जोडून बिल कमी करायचा. हे सगळं फुकट. त्याबद्दल कोणी चार करंज्या आणून दिल्या तर त्या तो घ्यायचा, एवढंच.

त्याची बायको आसावरी पुण्याची. तिचं मत असं, की हा परोपकार नाही, खाज आहे. "तुला दुसऱ्याचं बिल दिसलं ना, की राहवतच नाही. आपल्या घराचं गटर तुंबलंय ते दिसत नाही." गुरुनाथ हसून सोडून द्यायचा. गटर साफ करायला कोणी वाहवा करत नाही, हे त्याने कधी कबूल केलं नाही.

सगळ्या बिलांमध्ये त्याचा खास राग केबलच्या बिलावर होता, आणि त्यातही एका ओळीवर. लोकल चॅनलचा आकार. जे चॅनल हवेतून कोणालाही फुकट मिळतं, तेच तारेतून दाखवायचं म्हणून केबल कंपनी त्या स्टेशनला पैसे मोजते, आणि ते गिऱ्हाइकाकडून काढते. जाहिरातीतल्या दरात ही ओळ नसते. बिलात मात्र असते आणि दर जानेवारीत फुगते. स्टेशनवाले म्हणतात, बातम्या काय आभाळातून पडतात? केबलवाले म्हणतात, आम्ही मधले, आमचा काय दोष? दोघांचंही खरं असेल. भरतो मात्र तिसराच, आणि त्याला कोणी विचारत नाही. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ताट हातात घेऊन गुरुनाथ हे सगळ्यांना समजावून सांगायचा. ऐकणाऱ्याचा पुलाव निवायचा, पण याचं संपायचं नाही. त्याने स्वतःकडची केबल केव्हाच काढून टाकली होती. टीव्हीही तो फारसा बघत नसे. मुद्दा तत्त्वाचा होता.

गेल्या वर्षी संक्रांतीला तो तिळगूळ द्यायला शेजारी गेला. हे दर वर्षीचं. शेजारच्या लोरेनला तिळगुळाचा लाडू चावत नाही, ती तो चहात बुडवून खाते, पण हौसेने खाते. लोरेन शाळेच्या कॅन्टीनमधून रिटायर झालेली, सत्तरीच्या पुढची. तिचा नवरा वॉल्ट तेलाचा टँकर चालवायचा. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि माणसं ओळखणंही गेलं. बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी त्याचा पलंग, समोर टीव्ही. लोरेनलाही तो कधी ओळखायचा, कधी नर्स समजून तोंड फिरवायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी मेगन डोंगरापलीकडच्या गावात एका टीव्ही स्टेशनवर संध्याकाळच्या सहाच्या बातम्या सांगते. रोज काम, म्हणून आईवडिलांकडे फक्त रविवारी येते. आणि गंमत म्हणा की क्रूरपणा म्हणा, रविवारी समोर येऊन बसलेली मेगन वॉल्टला ओळखू येत नसे. तो तिच्याकडे परक्या बाईसारखा बघायचा. पण सहा वाजता टीव्हीवर ती आली आणि "गुड इव्हिनिंग" म्हणाली, की वॉल्टचा डावा हात चादरीवरून वर यायचा. पूर्ण वर, खांद्यापर्यंत. दिवसभरात त्याला काही कळतं आहे याची तेवढीच खूण. मग लोरेन मुलीला मेसेज करायची, की हात वर केला. मेगन तो जाहिरातींच्या वेळात वाचायची. म्हातारीने हे गुरुनाथला कितीदा तरी सांगितलं होतं, आणि एकदा त्याने तो हात डोळ्यांनी पाहिलाही होता.

तर संक्रांतीला लोरेन चहा करत होती आणि गुरुनाथची नजर फ्रिजवर गेली. मॅग्नेटखाली केबलचं बिल. लोरेनने विचारलं नव्हतं. त्यानेच काढून वाचलं, आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. लोकल चॅनलचा आकार तिच्या गॅसच्या बिलाशी स्पर्धा करत होता. पोटच्या पोरीचं तोंड बघायला या बाईने पैसे मोजायचे, आणि तेही हवेत फुकट असताना! त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की हे बंद. मी अँटेना बसवून देतो.

लोरेन जरा बिचकली. म्हणाली, या खोऱ्यात अँटेना कधी चालला नाही, डोंगर आडवा येतो, म्हणून तर तिच्या वडिलांच्या वेळेपासून सगळ्यांकडे केबल आहे. गुरुनाथने तिला थांबवलं. म्हणाला, ते जुने अँटेने, आता डिजिटल आहे, लोरेन, तू माझ्यावर सोड. तिने सोडलं. नाही म्हणायचं तिच्या जिभेवर होतं, हे त्याला तेव्हाही दिसलं होतं. पण ज्याला मदत करायची असते त्याला समोरच्याचा संकोच फार ऐकू येत नाही.

काम त्याने चोख केलं. उगाच नाही इंजिनियर म्हणवत. नकाशावर टॉवरची दिशा काढली, माळ्यावर रांगत जाऊन अँटेना लावला, कमीजास्त फिरवला, तार खाली आणली. मेगनचं चॅनल लागलं, आणि चित्र केबलपेक्षाही स्वच्छ. तरी तो घाई करणाऱ्यातला नव्हता. आठवडाभर रोज सहाला जाऊन सिग्नल तपासला, आकडे टिपले. आठवडाभर वॉल्टचा हात वर आला. मग त्याने लोरेनला शेजारी बसवून केबल कंपनीला फोन लावला आणि तिचं जुनं, वडिलांच्या वेळचं कनेक्शन कॅन्सल केलं. पलीकडची मुलगी दोनदा म्हणाली, हा जुना प्लॅन एकदा सुटला की परत मिळणार नाही. गुरुनाथ म्हणाला, कोणाला हवाय?

हा सगळा फेब्रुवारीचा महिना. बाहेर बर्फ, आणि डोंगरावरची झाडं खराटे.

मार्च-एप्रिल छान गेले. लोरेनने त्याला अक्रोडाचा केक करून दिला. मेगन एका रविवारी मुद्दाम कुंपणापाशी येऊन थँक्स म्हणून गेली. गुरुनाथने पॉटलकला ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की आसावरी तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जाऊ लागली.

मेच्या मध्यावर झाडांना पानं फुटली. या गावात ती फुटतात तेव्हा आठवड्याभरात सगळा डोंगर भरून जातो. गुरुनाथला तो हिरवा रंग दर वर्षी फार आवडायचा. त्याच आठवड्यात लोरेनचा फोन आला. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो. तो गेला, माळ्यावर चढला, अँटेना दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. काही उपयोग नाही. दोन दिवसांनी चौकोनही गेले आणि पडद्यावर फक्त 'सिग्नल नाही' उरलं. माळ्याच्या झरोक्यातून त्याने टॉवरच्या दिशेला पाहिलं. मधे मेपलची अख्खी रांग, तिच्यामागे डोंगर, आणि ओल्या, दाट पानांशिवाय काही दिसत नव्हतं. तेव्हा त्याला कळलं. पानं सिग्नल खातात. हे त्याने वाचलेलं होतं. शाळकरी गोष्ट. पण तपासणी फेब्रुवारीत केली होती, आणि तेव्हा झाडांवर पानच नव्हतं. आठवडाभर आकडे टिपणाऱ्या माणसाला खिडकीबाहेर बघायचं सुचलं नव्हतं. तो माळ्यावरच बसून राहिला. खाली लोरेन शिडी धरून उभी होती आणि विचारत होती, की काही दुरुस्त होण्यासारखं आहे का. त्याने वरूनच सांगितलं, होईल, होईल.

मग त्याची धावपळ सुरू झाली. मोठा अँटेना आणला, उपयोग नाही. लोरेनकडे इंटरनेट नव्हतं, म्हणून आपल्या घराचं वायफाय ताणून तिच्या खिडकीपर्यंत नेलं. इंटरनेटवरच्या टीव्हीला पैसे भरले, तर त्यावर मेगनचं स्टेशन नाही, दूरच्या पिट्सबर्ग शहराच्या बातम्या. मेगनच्या स्टेशनच्या वेबसाइटवर बातम्या मिळायच्या, पण तुकडे करून आणि उशिरा. कुठे आग लागली, कुठे रस्ता खचला. सुरुवातीचं "गुड इव्हिनिंग" त्यांनी कापून टाकलेलं असायचं. कोण कशाला ठेवेल ते? गुरुनाथने ते तुकडे टीव्हीवर लावून दाखवले. वॉल्टने मेगनचा आवाज ऐकला, पापणी हलली, पण हात चादरीवरच राहिला.

शेवटी त्याने मान खाली घालून केबल कंपनीला फोन केला. जुना प्लॅन गेला होता, नवा घ्यायचा तर दोन वर्षांचा करार, आणि माणूस येणार जुलैच्या सुरुवातीला. लोरेन म्हणाली, घेऊ. गुरुनाथ म्हणाला, बिल मी भरणार. ती म्हणाली, ते काही मी ऐकणार नाही. पहिल्यांदाच ती त्याच्याशी इतक्या ठामपणे बोलली.

केबलवाला आला, नवा डबा बसवला, चॅनल लावलं. पडद्यावर निळी पाटी होती. स्टेशनच्या मालकांनी जास्त पैसे मागितल्यामुळे हे चॅनल तात्पुरतं बंद आहे, आम्ही ग्राहकांच्या हितासाठी लढत आहोत. तिकडे स्टेशनच्या वेबसाइटवरही असलीच पाटी, फक्त नावं उलटी. तेही ग्राहकांसाठीच लढत होते. केबलवाला खांदे उडवून म्हणाला, जुना करार तीस जूनला संपला, नव्याचं भांडण आहे, आठवड्यात मिटेल. आणि त्या महिन्याच्या बिलात लोकल चॅनलचा आकार लागलेला होताच. गुरुनाथने त्यावर फोन करून भांडायला हवं होतं. सबंध आयुष्य तो अशाच एखाद्या बिलाची वाट बघत होता. पण त्याने फोन उचलला आणि खाली ठेवला. कोणत्या तोंडाने भांडणार?

भांडण आठवड्यात मिटलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. गुरुनाथ लोरेनला चुकवू लागला. गवत कापायचं ते ती दुपारी झोपते तेव्हा. गाडी गॅरेजमधून काढताना तिकडे बघायचं नाही. मंडळात कोणी बिल घेऊन आलं की म्हणायचा, आजकाल वेळ होत नाही. सहा वाजायला आले की तो घड्याळाकडे बघायचा. त्या घरात आता टीव्हीवर निळी पाटी असेल, आणि एक माणूस आपल्या मुलीची वाट बघत असेल. किंवा बघत नसेल, आणि ते जास्त वाईट. जे उरलं होतं ते त्याने काढून घेतलं होतं, आणि तेही कोणी मागितलं नसताना, चार करंज्यांच्या वाहवेसाठी. याहून नेमकं कारण त्याला सापडत नव्हतं.

आसावरीने बरेच दिवस पाहिलं. मग एका शनिवारी पोहे पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "तू रोज तोंड लपवतोयस ना, त्याचाही तिलाच त्रास आहे. आधी हक्काने घरात शिरायचास. आता गरज आहे तर फिरकत नाहीस. जा आणि सॉरी म्हण. त्यांची मुलगी आहे, तिलाही सांग. ती स्टेशनवर आहे, काहीतरी करेल."

तो गेला. वॉल्ट खिडकीकडे तोंड करून पडला होता. बराच वाळला होता. गुरुनाथने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. फेब्रुवारी, पानं, तू नको म्हणत होतीस ते मला दिसलं होतं, आणि तरी मी केलं. लोरेनने ऐकून घेतलं आणि त्याला बसायला खुर्ची दिली. तिने रागवावं अशी त्याची फार इच्छा होती. ती म्हणाली, तू चांगल्यासाठीच केलंस. या वाक्याने त्याला अजिबात बरं वाटलं नाही.

मग तो म्हणाला, मेगनला सांगू या. लोरेनने हातातला कप ठेवला.

"मेगनला काही माहीत नाही," ती म्हणाली. "केबलवरचं चॅनल बंद झालं तेव्हा तिचा फोन आला होता. म्हणाली, बरं झालं मॉम, तुमच्याकडे गुरूचा अँटेना आहे. मी हो म्हटलं."

"आणि मेसेज?"

"रोज करते. हात वर केला म्हणून."

लोरेन शांतपणे सांगत होती. मेगन एका रविवारी बोलून गेली होती, की "गुड इव्हिनिंग" ती कॅमेऱ्याला म्हणतच नाही, वॉल्टला म्हणते, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निभतो. वॉल्टला आता ती दिसतच नाही हे समजलं तर ती नोकरी सोडून इथे येऊन बसेल, आणि इथे तो तिला ओळखणारही नाही. म्हणून रविवारी मेगन यायच्या आधी लोरेन केबलचा डबा टीव्हीमागे सरकवते आणि टीव्ही बंद ठेवते. इतक्या वयाची, गुडघे धरून चालणारी बाई, आणि दर रविवारी वाकून डबा लपवते. हे त्याच्या चुकीमुळे. घरी येऊन त्याने आसावरीला सांगितलं. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली.

सप्टेंबरच्या शेवटी भांडण मिटलं. दोन्ही कंपन्यांनी एकमेकांचे आभार मानले, ग्राहकांच्या संयमाचे आभार मानले, आणि लोकल चॅनलचा आकार वाढला. लोरेनचा फोन आला, की आज चॅनल लागणार आहे, तू ये. गुरुनाथ पावणेसहालाच जाऊन बसला. त्याने वॉल्टची उशी उंच केली, त्याचा चेहरा टीव्हीकडे वळवला. लोरेनने नवऱ्याचे केस विंचरले. पलंगाच्या त्या बाजूला ती, या बाजूला तो.

सहा वाजले. मेगन आली. केस थोडे कापलेले, निळा कोट. सरळ समोर बघून म्हणाली, "गुड इव्हिनिंग."

वॉल्ट टीव्हीकडे बघत होता. हात चादरीवर होता. गुरुनाथ त्या हाताकडेच बघत होता. बोटंसुद्धा हलली नाहीत. पहिली बातमी झाली, दुसरी झाली. मग वॉल्टने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघू लागला. कोणीतरी परकी बाई बोलत होती, तिच्याकडे त्याचं काही काम नव्हतं.

जाहिराती लागल्या. लोरेनने ॲप्रनच्या खिशातून फोन काढला आणि डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यातून तिला अक्षरं दिसत नव्हती. तिने फोन पलंगावरून गुरुनाथपुढे धरला.

"आज तू लिही, गुरू. ती वाट बघत असेल."

नाही म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं. त्याने फोन घेतला. वर तिचे सगळ्या उन्हाळ्याचे मेसेज होते, एकाखाली एक, सगळे सारखे. त्याने त्यांच्याखाली तसंच लिहिलं, की डॅडने हात वर केला, आणि पाठवलं. जाहिराती संपायच्या आत उत्तर आलं. लोरेनने विचारलं, काय म्हणते?

त्याने वाचून दाखवलं. "लव्ह यू बोथ. गुरूला सांग, त्याच्यामुळे डॅडची एकही संध्याकाळ चुकली नाही."